वॉचमनची नोकरी लोक का धरतात? (पुणे आणि आसपास)

रेवा_वारजे

आमच्या सोसायटीचं सिक्युरिटीचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. कमिटीत असल्यामुळे नवीन एजन्सींची कोटेशन्स माझ्याकडे आली आहेत आणि त्या निमित्ताने गेटवरच्या लोकांशी निवांत बोलणं झालं. आमच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ज्याला दुसरं काही जमत नाही तो वॉचमन होतो." मला हे अजिबात पटत नाही. आमच्या गेटवरच्या प्रत्येकाने काहीतरी सोडून हे काम धरलंय आणि धरण्याआधी हिशेब केलाय.

दिवसपाळीचे काका बीड जिल्ह्यातले, केज तालुक्याकडचे. आधी नवराबायको ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांवर, मार्च-एप्रिलपर्यंत फडात. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला आपोआप बांधलेले. पोरं बरोबर नेली तर शाळा बुडते, गावी ठेवली तर सांभाळायला म्हातारी माणसं. काका म्हणाले, "ताई, तिथं हंगामाला पैसा जास्त दिसतो. पण तो आधीच खाल्लेला असतो. इथं कमी मिळतो, पण महिन्याला मिळतो आणि पोरगी एकाच शाळेत आठवीला गेली." काकू आमच्याच भागात स्वयंपाकाची कामं करतात. मुलगी महापालिकेच्या शाळेत आहे.

दुसरे भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनवर परत कोणी घेईना आणि पंचेचाळिशीनंतर नवीन कंपनी उभंही करत नाही. गेटचं रजिस्टर ते डाव्या हाताने लिहितात, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तिसरा रात्रपाळीचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी सातला ड्युटी सुटली की थेट ग्राउंडवर.

तीन माणसं, तीन वेगळी कारणं. तुमच्या घरात, ओळखीत कुणी हे काम करत असेल, केलं असेल, तर लिहा. एजन्सी चालवणाऱ्यांनीही लिहा. मीटिंगच्या आधी मला हे नीट समजून घ्यायचंय.

कात्रजकर

माझे वडील एकोणीस वर्षं या लाइनीत होते. मी आज जो काही आहे तो त्या पगारावर.

बाबांनी ही नोकरी का धरली याचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: दुसऱ्या दिवशी कामाला लागता आलं म्हणून. धाराशिवकडून आलेला माणूस, दहावी नापास, खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे. कंपनीत जायचं तर ओळख लागते, आयटीआय लागतं. रिक्षा घ्यायची तर परमिट, बॅज, डाउन पेमेंट. गवंड्याच्या हाताखाली जायचं तर रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं. नेलं तर नेलं, नाही तर दुपारी घरी. पावसाळ्यात चार महिने बोंब. सिक्युरिटीत भांडवल शून्य. दोन फोटो, कागदपत्रं, आणि लगेच पॉइंट, म्हणजे ड्युटीची जागा.

पण लगेच मिळणारी नोकरी सुटत नाही, हेही सांगतो. रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी उभा राहणारा माणूस, आला नाही तर गेट सोडून जाता येत नाही. बाबा सकाळी सातला सुटायचे ते कित्येकदा संध्याकाळी सातला यायचे, आणि कधी कधी त्याच रात्री परत उभे. डबल ड्युटी. आई डबा घेऊन मला पाठवायची. मी सहावी-सातवीत असेन. त्या केबिनमध्ये पत्र्याचं छत, भिंतीला खिळ्यावर टॉर्च आणि शिट्टी, खाली गाड्यांच्या नंबरांचं जाडजूड रजिस्टर. मी गणिताचा अभ्यास त्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर केलाय.

दिवाळीला आमच्या घरी फराळ उशिरा व्हायचा. सगळे गावाला जातात तेव्हाच सोसायटीला राखणीला माणूस हवा असतो. पण बाबांनी कधी या कामाला नावं ठेवली नाहीत. अंगात वर्दी असायची, ती आईने कडक इस्त्री केलेली असायची. गावी गेल्यावर "पुण्यात सिक्युरिटीत आहे" असं सांगताना त्यांची मान ताठ असायची.

राउंडवाला

मी एका एजन्सीत फिल्ड ऑफिसर आहे. हडपसर, मांजरी, खराडी, वाघोली हा माझा पट्टा. कात्रजकर म्हणतात ते खरं आहे, त्यात अजून एक मोठं कारण घाला: झोपायला जागा.

स्वारगेटला किंवा वाकडेवाडीला एसटीतून बॅग घेऊन उतरलेल्या पोराला त्या रात्री पाठ टेकायला कुठे मिळेल? कॉट बेसिसवर राहायचं तरी ॲडव्हान्स लागतो. बऱ्याच एजन्सींची खोली असते. एका खोलीत आठ-दहा जण, अर्धे दिवसपाळीचे, अर्धे रात्रपाळीचे, त्यामुळे एकच गादी दोघांना चालते. मेसचे पैसे पगारातून. राहण्याची ददात मिटली की माणूस काम धरतो. लांबून आलेली मुलं, मग ती मराठवाड्यातली असोत, बिहार-आसामची असोत की नेपाळची, बहुतेक याच रस्त्याने येतात.

आता कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण कोटेशन बघताना रेवाताईंना उपयोग होईल. खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा २००५ चा. एजन्सीला परवाना लागतो. गार्डचं वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी झालेली हवी, आणि प्रशिक्षण हवं. केंद्राच्या आदर्श नियमांत वर्गातले १०० तास आणि मैदानावरचे ६० तास, किमान २० कामाच्या दिवसांत, असं दिलंय. प्रत्यक्षात काय होतं? सोसायटीचा सेक्रेटरी संध्याकाळी फोन करतो, "एक माणूस कमी आहे, आत्ता पाठवा." रात्री नऊच्या आत माणूस उभा करायचा असतो. मग त्याला दिलेलं प्रशिक्षण म्हणजे जुन्या गार्डने दाखवलेला पंपाचा व्हॉल्व्ह, लिफ्टची चावी आणि मोबाइलवरचं व्हिजिटर ॲप.

वयाची ६५ ची मर्यादा हीच पुष्कळांना इकडे आणते. दुसरीकडे पन्नाशीच्या माणसाला नवीन नोकरी कोण देतं? आकुर्डीचा स्कूटरचा कारखाना २००७ मध्ये बंद झाला. त्या सुमारास स्वेच्छानिवृत्ती घेतलेली किती तरी माणसं मी पिंपरी-चिंचवडच्या गेटवर पाहिलीत. हातात कसब असलेली, कंपनीच्या शिस्तीतली माणसं. घराचा हप्ता संपलेला, मुलीचं लग्न राहिलेलं, म्हणून दहा वर्षं अजून काढायची होती.

नीलकंठ_बाणेर

सगळ्यांच्या भावना समजल्या. पण दुसरी बाजूही लिहितो, कारण मीही कमिटीवर काम केलंय. आमच्याकडे रात्री गार्ड झोपलेले सापडलेत. एकदा तर कुरिअरवाला सरळ आठव्या मजल्यावर जाऊन आला, नोंद नाही, काही नाही. दर दोन महिन्यांनी चेहरा बदलतो. घरात म्हातारे आईवडील आणि लहान मुलं असताना माणसाने विश्वास कशावर ठेवायचा? आम्ही दरमहा मेंटेनन्स भरतो, त्यातला मोठा वाटा सिक्युरिटीवर जातो, वर १८ टक्के जीएसटी. काम नीट व्हावं ही अपेक्षा चुकीची आहे का?

सिस्टर_रात्रपाळी

नीलकंठ, अपेक्षा चुकीची नाही. पण मी आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये रात्रपाळ्या केल्या आहेत, म्हणून शरीराचं सांगते. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान उतरतं, डोळा लागतोच. आम्ही आठ तासांची पाळी करतो, बरोबर दोघीतिघी असतात, बोलायला माणूस असतं, पेशंटची बेल वाजते. बारा तास, एकटा, खुर्ची काढून घेतलेली (हो, काही सोसायट्या झोपू नये म्हणून खुर्ची काढून घेतात), आणि आठवड्याची सुट्टी नाही, अशा माणसाने डोळ्याला डोळा लागू न देणं कुणालाच जमणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. आमच्या ओपीडीत येणाऱ्या वॉचमन पेशंटमध्ये शुगर, बीपी, पायाला सूज आणि पित्त हे रोजचंच. जेवणाची वेळ ठरलेली नाही, तर गोळीची वेळ कुठून ठरणार?

झोपलेला गार्ड दिसला की आधी विचारा, काल तो घरी गेला होता का.

संगीता_ड्युटी

नमस्कार. मी स्वतः लेडी गार्ड आहे, खराडीला आयटी पार्कात. भाचीने ही लिंक पाठवली म्हणून लिहिते. लिहायची फार सवय नाही, सांभाळून घ्या.

मालक (नवरा) वारल्यावर मी चार घरची धुणीभांडी करत होते. चार घरं म्हणजे चार बायांचे चार स्वभाव. एक गावाला गेली की तिच्या महिन्याचे पैसे कापले. आजारी पडले की दुसरी बाई ठेवली. पाठ धरली, हाताची कातडी निघाली. शेजारची म्हणाली, सिक्युरिटीत लेडीज पाहिजेत, बॅगा तपासायला. मी म्हटलं मला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली "मॅडम बॅग" एवढं आलं तरी चालतं.

आता एकच गेट, एकच वेळ, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. पीएफ नंबर आहे माझा. ईएसआयचं (कामगार आरोग्य विम्याचं) कार्ड आहे. मुलाला डेंगी झाला तेव्हा बिबवेवाडीच्या ईएसआय दवाखान्यात ठेवला होता, बाहेर ठेवला असता तर दागिना मोडावा लागला असता, तोही एकच राहिलाय. लोक विचारतात दिवसभर उभं राहून काय मिळतं, तर हे मिळतं. धुण्याभांड्यात पाच वर्षं काढली असती तरी माझ्या नावावर एक कागद झाला नसता.

आणि खरं सांगते, वर्दी घातली की माणसं अंतर ठेवून बोलतात. पूर्वी बसमध्ये कोण पण धक्का मारायचं.

त्रास पण आहे. आयटी पार्कात बाथरूम आहे म्हणून मी तिथंच टिकून आहे. आधी मला एका सोसायटीच्या गेटवर टाकलं होतं. तिथं गार्डला बाथरूमच नव्हतं. पुरुष माणसं मागच्या भिंतीला जायची. मी काय करणार? सकाळपासून पाणी प्यायचं नाही. क्लब हाउसमधलं बाथरूम होतं, त्याला कुलूप, चावी मॅनेजरकडे. रोज परक्या पुरुषाला चावी मागायची. महिना काढला आणि सोडलं. रेवाताई, तुम्ही मीटिंगमध्ये आधी हे बघा.

फौजी_साताऱ्याचा

संगीताताई, तुम्ही फार नेटकं लिहिलंत.

मी माजी सैनिक. आमच्याकडे सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असतो, आणि फौजेतला शिपाई चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. पेन्शन असते, पण मुलं तेव्हा नेमकी आठवी-दहावीला असतात. गावात शेती दीड एकर, तीही पावसाची. मग मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात बिऱ्हाड करायचं आणि पेन्शनच्या जोडीला काम धरायचं. बँका, कॅश व्हॅन, डिफेन्सचे कारखाने, विद्यापीठं, मोठी हॉस्पिटलं यांना माजी सैनिकच लागतो, कारण हत्यार हाताळलेलं असतं. २००५ च्या कायद्यातही माजी सैनिक आणि माजी पोलीस यांना प्राधान्य आहे. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, पुण्यातच आहे. तिथून किंवा दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीतल्या एजन्सीतून लागलात तर पगार बरा असतो आणि वेळेवर होतो.

पण पैसा एवढंच कारण नाही. पहाटे पाचला उठून दाढी करून बूट पॉलिश करण्याची सवय सुटत नाही. घरी बसलेला फौजी महिन्यात चिडचिडा होतो, हे आमच्या सगळ्या बायका सांगतील. ड्युटी हवी असते. मी सध्या एका कॉलेजात सुपरवायझर आहे. माझ्या हाताखालच्या पोरांना मी लाठी धरायला, आग विझवायचा सिलिंडर उघडायला, गर्दीत रांग लावायला शिकवतो. हे कामही शिकावं लागतं. गॅस गळतीचा वास आल्यावर बटण दाबायचं नाही, एवढं माहीत असलेला गार्ड इमारत वाचवू शकतो.

मला खटकतं ते हे: त्याच गेटवर, तेच काम करणारा गावाकडचा पोरगा माझ्यापेक्षा निम्म्या पगारावर असतो, आणि तासही जास्त.

अभ्यासिका

रेवाताईंच्या तिसऱ्या गार्डसारखाच मी. बीएससी झालोय, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. दिवसा सदाशिव पेठेत अभ्यासिका, रात्री एका डायग्नोस्टिक सेंटरला गार्ड. घरी सांगितलेलं नाही, घरच्यांना वाटतं मी कॉम्प्युटर सेंटरला पार्ट टाइम शिकवतो.

आमच्या बॅचचं गणित असं: खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज. घरून येणारे पैसे खोली आणि मेसमध्येच संपतात. दिवसाची कुठलीही नोकरी धरली की अभ्यास संपला. डिलिव्हरीला गाडी आणि पेट्रोल लागतं, आणि पाय मोडला की वर्ष गेलं. रात्रीचा पॉइंट मिळाला, तोही बंद ऑफिसचा किंवा लॅबचा, तर अकरानंतर शांतता असते. रिसेप्शनच्या दिव्याखाली मी इतिहास आणि राज्यशास्त्र दोन्ही संपवलं. म्हणून आमच्यात पॉइंटला मागणी असते. सोसायटी नको, एटीएम चालेल, बंद शोरूम सगळ्यात भारी.

पोलीस भरतीवाल्यांना मात्र हे जड जातं. मैदानी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. १६०० मीटर पळायचं आणि गोळाफेक करायची तर झोप आणि खुराक लागतो. रात्रभर जागून सकाळी ग्राउंड मारणाऱ्या मुलांच्या नडग्या भरतात, मग वेळ दोन-चार सेकंदांनी हुकते. माझा रूममेट याच कारणाने गेल्या भरतीत मागे पडला. वय सरत जातं आणि तात्पुरता धरलेला पॉइंट कायमचा होतो. असे तिशी ओलांडलेले पदवीधर गार्ड पुण्यात भरपूर आहेत, त्यांच्याशी बोललात तर कळेल. त्यांना कुणी "दुसरं काही जमत नाही" म्हटलं की माझा संताप होतो.

कामगार_कचेरी

कामगार खात्यात बरीच वर्षं काढली, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे: महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत, पुणे जिल्ह्याचंही आहे. रक्षक मंडळाकडे नोंदलेला, आस्थापनाही मंडळाकडे नोंदलेली. आस्थापना पगार आणि त्यावरची लेव्ही (ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम) मंडळात भरते. मंडळ त्यातून रक्षकाला पगार देतं आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे बाजूला ठेवतं. माथाडी कामगारांच्या मंडळांचीच ही धाटणी. गार्ड लोकांमध्ये "बोर्डात लागला" हे शब्द सरकारी नोकरी लागल्याच्या सुरात का म्हणतात, ते यावरून कळेल. एजन्सीतले पुष्कळ जण बोर्डाची नोंदणी कधी उघडते याच्या आशेवर वर्षानुवर्षं या लाइनीत टिकून राहतात. हेही एक कारण तुमच्या यादीत धरा.

आता बारा तासांबद्दल, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. कामाचा दिवस आठ तासांचा. वरच्या तासांना ओव्हरटाइम, तो दुप्पट दराने. एक गेट चोवीस तास चालवायचंय. आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या तर २४ तासांचा पगार द्यावा लागतो. बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या, तर प्रत्येकाचे आठ तास साधे आणि चार तास दुप्पट, म्हणजे माणशी १६ तासांचा पगार, दोघांचा मिळून ३२ तासांचा. कायद्याने चाललं तर बारा तासांची पाळी महाग पडते. मग सगळ्या पुण्यात ती स्वस्त कशी? वरचे चार तास साध्या दराने, किंवा त्याहून कमी दराने धरले जातात म्हणून. रेवाताई, तुमच्याकडे आलेली कोटेशन्स काढा आणि ओव्हरटाइमची ओळ शोधा. बहुतेक ठिकाणी ती ओळच नसेल. "बारा तास, एक गार्ड, इतके रुपये" असा एकच आकडा असेल.

राउंडवाला

साहेब, तुमचं गणित शंभर टक्के बरोबर आहे. मी नाकारत नाही. पण गेटवरची दुसरी बाजूही ऐका. मागे एका कंपनीने आठ तासांच्या पाळ्या लावल्या. पंधरा दिवसांत निम्मे गार्ड माझ्याकडे आले, "साहेब, बारा तासांचा पॉइंट द्या." आठ तासांच्या पगारात भागत नाही. उरलेल्यांनी शेजारच्या गल्लीत दुसरी ड्युटी धरली, म्हणजे बाराच्या जागी सोळा तास झाले.

आणि टेंडर सगळ्यात कमी दराला जातं. मी प्रामाणिक आकडा टाकला की माझं कोटेशन बाजूला पडतं. मग ज्याने कमी टाकलंय तो पैसे कुठून काढतो? गणवेशाचे पैसे कापून, पहिला पगार अडकवून, पीएफ कमी मूळ पगारावर भरून, सुट्टीचा रिलीव्हर न देऊन. सोसायटीने दर पाडला की तो माझ्या खिशातून जात नाही, गेटवरच्या माणसाच्या खिशातून जातो. हे मी या धंद्यात असून लिहितोय, कारण माझंही पोट त्यांच्यावर चालतं.

कात्रजकर

राउंडवाला, हे उघडपणे लिहिल्याबद्दल आभार. पण "गार्डलाच बारा तास हवे असतात" यावर थांबू नका. बाबांनाही बारा तास हवे असायचे, कारण आठ तासांत घर चालत नव्हतं. त्यांना चार तास झोप नको होती असं नाही. पगारच आठ तासांत पोट भरेल इतका ठरला तर किती जण जास्तीचे चार तास मागतात ते बघू.

दुसरं म्हणजे एजन्सी बदलली की नोकरीची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. बाबा एकाच सोसायटीच्या गेटवर सलग सात वर्षं होते, पण त्या काळात एजन्सी तीनदा बदलली. माणूस तोच, गेट तेच, वर्दीचा रंग फक्त वेगळा. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, ती कागदावर कधी भरलीच नाहीत. पीएफचे तीन वेगळे नंबर झाले. त्यातला एक मी दोन वर्षं खेटे घालून सोडवला, एक अजून सुटलेला नाही.

नीलकंठ_बाणेर

सिस्टर आणि कामगार_कचेरी, तुमचे प्रतिसाद कमिटीच्या ग्रुपवर टाकतोय. ३२ तासांचं गणित मला कुणी आधी मांडून दाखवलं नव्हतं. चेहरा दर दोन महिन्यांनी बदलतो ही माझी तक्रार कायम आहे, पण तो का बदलतो हे आता लक्षात येतंय. टिकवायचा असेल तर त्याला टिकावंसं वाटेल असं काही द्यावं लागेल. आमच्याकडे तीन पॉइंट आहेत. आठ तासांनी नऊ माणसं आणि वर रिलीव्हर. खर्च किती वाढेल ते काढून एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) ठेवतो. २४० फ्लॅट आहेत, वाटून घेतलं तर फार होऊ नये. विरोध होईलच. मी बोलेन.

रेवा_वारजे

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः संगीताताईंचे. तुम्ही लिहिल्यावर मी आमच्या गेटवर जाऊन पाहिलं. केबिनच्या मागे बाथरूम आहे, पण त्याचा उपयोग झाडू-बादल्या ठेवायला होतोय आणि नळाला पाणी नाही. प्लंबरला उद्या बोलावलंय, यासाठी मीटिंगची वाट बघायची गरज नाही.

कोटेशन्सही काढून बसले. पाचपैकी चारांत ओव्हरटाइमची ओळ नाही. पाचवं सगळ्यात महाग आहे, पण त्यात मूळ पगार, भत्ता, पीएफ, ईएसआय, रजा, बोनस, रिलीव्हर, सगळं वेगवेगळं दाखवलंय. मी त्याच्यासाठी भांडणार आहे. आमचे सध्याचे तिघे नवीन एजन्सीत तसेच घ्यावेत अशी अटही टाकणार आहे, तिघांनीही हो म्हटलंय. केजच्या काकांनी फक्त एकच विचारलं, आठवड्याची सुट्टी खरंच मिळेल का. मुलीच्या शाळेत पालकसभा शनिवारी असते.

एक शंका: एजन्सी पीएफ खरोखर भरते की नाही हे सोसायटीने दरमहा कसं तपासायचं? बिलाला नुसतं चलन जोडलेलं असतं, त्यावर एकूण रक्कम सोडून काही कळत नाही.

कामगार_कचेरी

नुसत्या चलनावर समाधान मानू नका. एजन्सीच्या शंभर माणसांचं चलन एकच असतं, त्यात तुमची माणसं आहेत की नाहीत ते दिसत नाही. चलनाबरोबर ईसीआर, म्हणजे पीएफचं नावनिशीवार मासिक विवरणपत्र, मागा. त्यात प्रत्येक कामगाराचं नाव, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आणि त्याच्या नावावर भरलेली रक्कम असते. ती नावं तुमच्या गेटवरच्या हजेरीच्या मस्टरशी जुळवा. रक्कम कोणत्या पगारावर काढली तेही बघा. ईएसआयचंही तसंच, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. पगार रोखीने नको, बँकेतच हवा, आणि स्लिप प्रत्येकाच्या हातात पडली पाहिजे. हे सगळं कंत्राटातच लिहून घ्या: आदल्या महिन्याचा ईसीआर आल्याशिवाय पुढचं बिल पास होणार नाही.

आणि गार्डना त्यांच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दाखवा. अभ्यासिकासारखा एखादा मुलगा तुमच्या गेटवर आहेच, तो बाकीच्यांना शिकवेल. कात्रजकर, तुमच्या वडिलांचा न सुटलेला नंबर कोणत्या कार्यालयाकडे अडकलाय ते व्यक्तिगत निरोपातून कळवा. एजन्सी बंद झालेली असली तरी जुनं खातं नव्या यूएएनला जोडता येतं, कागद कोणते लागतात ते कळवतो.